धर्मानंद कोसंबींचा प्रवासखर्च कोणी दिला?

इ.स. १८९९ च्या अखेरीस गोव्यातील सांखवाळ येथील तेवीस वर्षांचा एक तरुण घर सोडून निघाला. मागे नारळीची बागाईत होती, पत्नी होती आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी होती. शालेय शिक्षण जुजबी. पुढील सात वर्षांत तो पुणे, ग्वाल्हेर, काशी, काठमांडू, बोधगया, कलकत्ता, कोलंबो, मद्रास आणि ब्रह्मदेश इतका फिरला. त्यानंतर चारच वर्षांनी तो अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एका पाली महाग्रंथाच्या संपादनाचे काम करीत होता. या पहिल्या सात वर्षांत स्वतःचा म्हणावा असा पैसा त्याच्यापाशी क्वचितच होता.

हा तरुण म्हणजे धर्मानंद दामोदर कोसंबी (१८७६–१९४७). महाराष्ट्रात पालीच्या अध्ययनाचा पाया घालणारे विद्वान ही त्यांची ओळख. त्यांचे आत्मकथन ‘निवेदन’ १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांच्या ज्ञानतृष्णेविषयी आणि धैर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. या धाग्यातील प्रश्न मात्र जरा रुक्ष आहे: जेवणाचे, निवाऱ्याचे आणि तिकिटाचे पैसे कोणी दिले? आणि देणाऱ्यांनी त्या बदल्यात काय मागितले?

प्रथम निघण्याचे कारण. १८९७ च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ या मुलांसाठीच्या मासिकात धर्मानंदांनी बुद्धाचे चरित्र वाचले. मासिक ख्रिस्ती मिशनऱ्यांचे, वाचणारा गोव्यातील सारस्वत ब्राह्मण आणि विषय बुद्ध! त्या एका लेखाने त्यांना झपाटले. बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यावा ही इच्छा झाली, पण ती पुरी करण्याची सोय जवळपास कोठेच नव्हती. पाली ग्रंथ सिंहली, ब्रह्मी आणि सयामी लिप्यांत होते. १८८१ साली स्थापन झालेल्या लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने ते रोमन लिपीत छापण्यास आरंभ केला होता. देवनागरी वाचणाऱ्या, इंग्रजी शिक्षण न झालेल्या माणसाला त्यांचा उपयोग नव्हता. म्हणजे बुद्ध वाचावयाचा तर जेथे बुद्ध वाचला जातो तेथे गेले पाहिजे. परदेशगमन ही धर्मानंदांची हौस नव्हती. ती अभ्यासाची पहिली पायरी होती.

येथे एक गोष्ट आजच्या वाचकाने लक्षात ठेवावी. सांखवाळ पोर्तुगीज अमलाखाली होते. धर्मानंद पुण्यास आले तेव्हाच ते एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आले होते. सिलोन ही ब्रिटिशांची स्वतंत्र वसाहत होती, नेपाळ राणांचा होता; ब्रह्मदेश मात्र १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. ‘परदेश’ या शब्दाच्या सीमा आजच्याहून फार वेगळ्या होत्या. ब्रिटिश हिंदुस्थानात पासपोर्टची सक्ती करणारा कायदा १९२० सालचा. त्यापूर्वी सामान्य प्रवाशाला अडवणाऱ्या गोष्टी तीन: पैसा, प्लेग आणि जात.

प्लेगचा उल्लेख ओघाने केलेला नाही. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेल्या साथीनंतर १८९७ चा साथरोग कायदा आला, आगगाडीच्या स्थानकांवर प्रवाशांच्या तपासण्या सुरू झाल्या आणि बंदरांवर विलगीकरण आले. त्यातच १८९९–१९०० चा भीषण दुष्काळ. गुजरात, मध्य हिंदुस्थान आणि दख्खनचा मोठा भाग अन्नाला मोताद झाला होता. धर्मानंद रिकाम्या हाताने निघाले ते अशा वर्षी.

पुण्यात त्यांना डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या पंडिताचा परिचय आणि सल्ला लाभला. तेथून ग्वाल्हेरमार्गे ते १९०० साली काशीस पोहोचले. पालीकडे जाण्यासाठी संस्कृत पक्के हवे आणि संस्कृत फुकट शिकण्याची जागा म्हणजे काशी. गुरू विद्येचे मोल घेत नसत. राहिला प्रश्न पोटाचा. तो अन्नछत्राने सोडवला.

अन्नछत्र ही संस्था नीट समजून घेण्यासारखी आहे. अठराव्या शतकात मराठी सत्ता उत्तरेत पसरली तशी काशीत घाट, वाडे, धर्मशाळा आणि छत्रे उभी राहिली. अहिल्याबाई होळकरांचे नाव सर्वांत ठळक, पण पेशवे आणि इतर सरदार घराणीही त्यात होती. दख्खनातील महसुलाचा एक अंश अशा रीतीने काशीतील पत्रावळीवर पोहोचत असे. राज्ये गेली तरी यांतील कित्येक दाने चालू राहिली. त्यामुळे १९०० साली गोव्याहून आलेला एक निष्कांचन विद्यार्थी तेथे जेवू शकत होता, तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणीतरी लावून दिलेल्या उत्पन्नावर.

पण हे अन्न मोफत असले तरी सर्वांना खुले नव्हते. ते ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होते. गोत्र, शाखा, सूत्र सांगता आले पाहिजे; सोवळे पाळले पाहिजे. त्या काळी दख्खनी ब्राह्मणांतील अनेक जण सारस्वतांचे ब्राह्मण्यच मान्य करीत नसत, म्हणून धर्मानंदांसारख्या गोमंतकीयाचे पंक्तीतील स्थान आपोआप ठरलेले नव्हते. ज्याला बुद्धाचा जातिनिषेध मुळातून वाचावयाचा होता, त्याचा पहिला घास जातीच्या दाखल्यावर अवलंबून होता. यात धर्मानंदांचा दोष काढण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे दुसरे ताट नव्हते. मात्र त्यांच्या जागी एखादा महार किंवा मांग तरुण असता तर हा प्रवास काशीतच, खरे तर काशीच्या आधीच, संपला असता हे विसरून चालणार नाही.

१९०२ च्या आरंभी धर्मानंद एका नेपाळी सहाध्यायाबरोबर काठमांडूकडे निघाले. राणांचा नेपाळ परक्यांना सहसा प्रवेश देत नसे, पण पशुपतिनाथाच्या शिवरात्रीच्या यात्रेसाठी खालच्या मुलखातील यात्रेकरूंना वाट मोकळी होई. तराईचे जंगल, भीमफेदी, मग चंद्रागिरीचा चढ हा त्या काळचा रस्ता. वाटखर्च जेमतेम, थंडी मात्र भरपूर. बुद्धाच्या जन्मभूमीच्या देशात त्याचा धर्म जिवंत सापडेल ही आशा होती. १८९६ साली लुंबिनीचा अशोकस्तंभ प्रकाशात आल्याने नेपाळचे नाव बुद्धाशी नव्याने जोडलेही गेले होते. काठमांडूत त्यांचा भ्रमनिरास झाला. ज्या बौद्ध धर्माच्या शोधात ते आले होते तो तेथील मठांत त्यांना दिसला नाही.

तेथून ते बोधगयेस आले. महाबोधी मंदिराचा ताबा तेव्हा शैव महंतांकडे होता, आणि ब्रह्मदेशाच्या राजाने बांधलेल्या विश्रामगृहाच्या आश्रयाने मोजके भिक्षू राहत. पाली शिकावयाची असेल तर सिलोनला जा, असे धर्मानंदांना येथे कळले. रस्ता कलकत्त्यावरून जात होता. १८९१ मध्ये अनागारिक धर्मपाल यांनी स्थापन केलेल्या महाबोधी सभेचे कार्यालय कलकत्त्यात होते, आणि तिच्या मदतीने धर्मानंद त्याच वर्षी सिलोनला गेले.

जमिनीवर निष्कांचन माणूस पायी चालू शकतो, समुद्रावर नाही. आतापर्यंत अंगमेहनतीवर आणि पंक्तीतल्या ताटावर भागले, पुढे रोख तिकीट लागणार होते. धनुष्कोडी–तलैमन्नार हा मार्ग १९१४ साली सुरू झाला. त्यापूर्वी मद्रासहून रेल्वेने तुतिकोरिन आणि तेथून आगबोटीने कोलंबो हा नेहमीचा रस्ता. ही वाट तुलनेने स्वस्त होती, आणि ती कोणामुळे हे पाहण्यासारखे आहे. सिलोनच्या डोंगरांतील चहा-कॉफीच्या मळ्यांवर दरवर्षी हजारो तमिळ मजूर जात. त्यांची भरती कंगाणी करी, उचल देई आणि ती उचल मजुराच्या मानेवर वर्षानुवर्षे राही. बंगालच्या उपसागरात हेच चित्र मोठ्या प्रमाणावर होते: तेलुगू आणि तमिळ मजूर रंगूनच्या गोदीत, भाताच्या गिरण्यांत आणि इरावतीच्या खोऱ्यात जात. आगबोट कंपन्या त्यांना उघड्या डेकवर भरत. ज्याची त्याची वळकटी, ज्याची त्याची शिदोरी. पाऊस आला तर ताडपत्री. डेकचे तिकीट सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिले ते या गर्दीमुळे. भिक्षू, यात्रेकरू, विद्यार्थी, किरकोळ व्यापारी यांचा प्रवास मजुरांच्या वाहतुकीच्या पाठीवर चालत होता.

तेव्हाच्या सनातनी समजुतीप्रमाणे समुद्र ओलांडला की ब्राह्मण्य डागाळे, परतल्यावर प्रायश्चित्त. म्हणजे काशीच्या पंक्तीत जे ओळखपत्र चालले ते तुतिकोरिनच्या धक्क्यावर सोडून द्यावे लागणार होते. धर्मानंदांना त्याची खंत वाटण्याचे कारण नव्हते. पण परतीची जुनी वाट त्यांनी बंद केली होती हे खरे.

कोलंबोत मालिगाकंद येथे विद्योदय परिवेण हे विद्यापीठ होते. १८७३ मध्ये हिक्कडुवे श्री सुमंगल महास्थविरांनी ते स्थापन केले आणि आशियाभरातून विद्यार्थी तेथे येत. धर्मानंदांनी सुमंगलांपाशी पालीचे अध्ययन सुरू केले आणि श्रामणेराची दीक्षा घेतली. आता अन्नछत्राची जागा विहाराने घेतली.

विहार ही प्रवाशाच्या दृष्टीने जगातील सर्वांत जुन्या आणि टिकाऊ व्यवस्थांपैकी एक. पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भिक्षू फाहियान सिंहलद्वीपात दोन वर्षे राहिला तो याच आधारावर; सातव्या शतकात इत्सिंग समुद्रमार्गे सुमात्रा आणि नालंदा फिरला तोही. चीवर अंगावर असले की अनोळखी देशातही निवारा मिळतो आणि सकाळी पात्रात अन्न पडते. भिक्षूची मालमत्ता म्हणजे आठ वस्तू: तीन चीवरे, पात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे वस्त्र. आजचा पाठपिशवीवाला प्रवासी आपले सामान किती कमी आहे हे अभिमानाने सांगतो. त्याने ही यादी एकदा पाहावी.

मात्र याही आतिथ्याला अटी आहेत. श्रामणेराच्या दहा शीलांतील शेवटचे शील सोने-रुपे न स्वीकारण्याचे. म्हणजे पैशाची अडचण संपते, कारण पैसाच संपतो. त्याबरोबर स्वतःच्या मर्जीने कोठे जाण्याची मुभाही बरीचशी संपते. प्रत्येक तिकिटासाठी कोणीतरी दायक शोधावा लागतो. मध्यान्हीनंतर जेवण नाही. आणि पात्रात पडेल ते खावे, निवड करू नये. धर्मानंदांना ही अट सर्वांत जड गेली. सिलोनचे अन्न त्यांना मानवले नाही, प्रकृती बिघडली. १९०३ मध्ये ते मद्रासला परतले आणि पुढे ब्रह्मदेशास गेले. तेथे विद्या मिळाली, विहार मिळाले, पण अन्नाचे दुखणे तसेच राहिले. पैशावाचून केलेल्या प्रवासाचा हिशेब शरीर चुकते करीत होते. मधल्या काळात त्यांनी सारनाथ, कुशिनारा अशी बौद्ध स्थाने पाहिली. पुन्हा ब्रह्मदेश. १९०६ मध्ये कलकत्त्यास आल्यावर त्यांनी चीवर उतरवले.

जाता जाता एक विसंगती. सुमंगल ज्या सयाम निकायाचे होते, तो निकाय पूर्ण उपसंपदा केवळ गोविगम जातीच्या सिंहली पुरुषांना देत असे. ज्या जातीपासून दूर म्हणून धर्मानंद समुद्र ओलांडून आले, ती कोलंबोच्या विहारातही वेगळ्या नावाने बसलेली होती.

आता त्या खर्चाकडे वळू ज्याची नोंद कोणत्याही दात्याच्या वहीत नाही. सांखवाळची बागाईत सोडून निघताना धर्मानंदांनी पत्नी बाळाबाई आणि तान्ही माणिक यांना नातलगांच्या भरवशावर ठेवले. सात वर्षे! नवरा जिवंत, पण घरात नाही. संन्यासी म्हणावे तर परधर्मातला. अशा स्त्रीचे १९०० च्या गोव्यातील स्थान काय असेल याची कल्पना करण्यास फारसे कष्ट पडत नाहीत. धर्मानंदांच्या खाण्याची सोय छत्राने केली, विहाराने केली. बाळाबाई आणि माणिक यांच्या खाण्याची सोय ना छत्राची जबाबदारी होती ना विहाराची. ती नातेवाइकांनी उचलली. ‘निवेदन’ लिहिणारे धर्मानंद प्रांजळ होते आणि घर सोडण्याचा निर्णय आपल्याला सोपा गेला असा आव त्यांनी आणला नाही. तरी ते पुस्तक त्यांचे आहे. बाळाबाईंचे निवेदन आपल्यापाशी नाही.

आणि बाळाबाईंना स्वतःलाच बुद्ध वाचण्याची ओढ लागली असती तर? काशीच्या छत्रांतील विद्यार्थ्यांच्या पंगतीत त्यांना पान मिळाले नसते. सिलोन आणि ब्रह्मदेशातील थेरवादी परंपरेत भिक्षुणीसंघ कित्येक शतकांपूर्वी लोपलेला होता. धर्मानंद ज्या जाळ्यावर पाऊल टाकत गेले ते पुरुषांसाठी विणलेले होते. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या त्यासाठी अंगावरचे दागिने विकावे लागले; स्त्रीसाठी तसे दुसरे भांडवल नव्हते.

भिक्षापात्राचा मार्ग ज्यांना बंद होता त्यांच्यासाठी विसाव्या शतकात एक नवा दाता पुढे येत होता: संस्थानिक. धर्मानंदांच्या बाबतीतही तेच घडले. कलकत्त्यात नॅशनल कॉलेज आणि नंतर कलकत्ता विद्यापीठ येथे त्यांना पाली शिकवण्याचे काम मिळाले. पण ही विद्या महाराष्ट्रात न्यावी असे त्यांना वाटत होते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना तीन वर्षे दरमहा ५० रुपये देऊ केले. अटी दोन: महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाला एक पुस्तक बडोदे सरकारसाठी लिहून द्यावे. कलकत्त्याची अधिक उत्पन्नाची जागा सोडून धर्मानंदांनी हे वेतन पत्करले. आजवर आलेल्या अटींत ही बहुधा सर्वांत सरळ होती. जात विचारली नाही, चीवर मागितले नाही, काम मागितले.

पाच वर्षांनंतर, १९१३ मध्ये, त्याच संस्थानाने भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार होता. बडोद्यात आल्यावर आंबेडकरांना राहण्यास जागासुद्धा मिळू दिली गेली नाही हा पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. शिष्यवृत्तीने न्यूयॉर्क जवळ आणले. बडोद्याचे घर तिला मिळवून देता आले नाही.

धर्मानंदांचे अमेरिकेचे दार हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्यामुळे उघडले. हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे संपादन हाती घेतले होते. १८९९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि काम अर्धवट राहिले. ते पुरे करण्यासाठी पाली जाणणारा पंडित हवा होता. १९१० साली धर्मानंद हार्वर्डला गेले. आता प्रवासखर्चाची विवंचना नव्हती, विहाराची शीले नव्हती. पण येथेही एक किंमत निघाली. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून कोणाचे नाव जावे यावरून प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी त्यांचे तीव्र मतभेद झाले, आणि १९१२ मध्ये ते मायदेशी परतले. त्यानंतरही ते हार्वर्डला पुन्हा पुन्हा गेले, काम करीत राहिले. देवनागरीतील ‘विसुद्धिमग्ग’ मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने १९४० मध्ये काढला. हार्वर्डची रोमन लिपीतील आवृत्ती बाहेर पडली ती १९५० मध्ये, धर्मानंदांच्या निधनानंतर तीन वर्षांनी.

१९१८ साली धर्मानंद दुसऱ्यांदा अमेरिकेस निघाले तेव्हा बरोबर दोन मुले होती. एक अकरा वर्षांचा दामोदर, जो पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून वडिलांहून अधिक प्रसिद्ध झाला. दुसरी माणिक. १८९९ मध्ये तिला पाळण्यात ठेवून वडील गेले होते. एकोणीस वर्षांनी ती त्यांच्याबरोबर बोटीत चढली आणि पुढे अमेरिकेत शिकली. धाकट्या मुलींना घेऊन बाळाबाई हिंदुस्थानातच राहिल्या.